उलुरू, काटा जुटा आणि किंग्स कॅन्यन: चार रात्रींची वाळवंटी सहल कशी आखावी

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलं की ते ज्या लाल भागावर पडतं, तिथली ही सहल. मेलबर्न-सिडनीत राहणारी मराठी कुटुंबं ती बहुधा भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की काढतात. मग यादी तयार होते: उलुरू या प्रचंड कातळावरचा सूर्योदय, सूर्यास्त, काटा जुटाचे घुमट, किंग्स कॅन्यनची दरी, जमलं तर ॲलिस स्प्रिंग्स शहर. यादी चुकीची नाही. पण वाळवंटात काय बघायचं यापेक्षा कुठल्या वेळी कुठे असायचं, हे आधी ठरवावं लागतं. सकाळी ११ नंतरचं ऊन, अंधारात रस्त्यावर येणारी जनावरं आणि उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या वेळा, या तीन गोष्टी तुमचा दिवस ठरवतात. त्या धरून आखलेली सहल सत्तरीतल्या माणसालाही झेपते. त्या सोडून आखलेली पंचविशीतल्यालाही दमवते.

महिना आणि रात्री

मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. दुपारी वीस-पंचवीस अंश, आकाश निरभ्र. मात्र जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो. "वाळवंटात कसली थंडी" म्हणून जे लोक एका विंडचीटरवर येतात ते पहाटे कुडकुडत गाडीतच बसून राहतात. थर्मल, कानटोपी, हातमोजे घ्याच. डिसेंबर ते फेब्रुवारीत ४० अंशांपुढचं ऊन असतं. काही पायवाटा त्या दिवसांत सकाळीच बंद होतात, आणि उकाडा वाढला की माश्या येतात. त्या चावत नाहीत, पण डोळे, नाक, तोंड सोडत नाहीत. टोपीवरून घ्यायची जाळी तेव्हा चैन राहत नाही. फोटोत ती वाईट दिसते, म्हणून पहिल्या तासात कोणी घालत नाही. दुसऱ्या तासात सगळे घालतात.

फक्त उलुरू आणि काटा जुटा करायचं असेल तर दोन रात्री पुरतात, तीन झाल्या तर आरामात होतं. किंग्स कॅन्यन जोडायचं असेल तर चार रात्री धरा. दोन रात्रींत तिन्ही कोंबणाऱ्या सहली विकल्या जातात, पण त्यांत निम्मा वेळ बसच्या खिडकीशी जातो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मी सरळ किंग्स कॅन्यन गाळायला सांगेन.

विमान कुठे उतरवायचं

दोन पर्याय आहेत. उलुरूजवळच्या युलारा गावाचा विमानतळ तिकिटावर 'एअर्स रॉक' या नावाने येतो. सिडनीहून तिथे साधारण साडेतीन तास लागतात. मेलबर्न, ब्रिस्बेन, केर्न्सहूनही विमानं आहेत, पण रोज सगळीकडून नसतात. तेव्हा आधी विमानाचे दिवस पाहा, मग रजा टाका. दुसरा पर्याय ॲलिस स्प्रिंग्स. तिथली तिकिटं बरेचदा स्वस्त असतात, पण तिथून उलुरू साडेचारशे किलोमीटर. "ॲलिसला उतरू आणि संध्याकाळी उलुरू बघून येऊ" असं म्हणणारे भेटतात. मुंबई-पुणे अंतर तीनदा कापण्यासारखं आहे ते, आणि वाटेत फूड मॉल नाहीत.

मला पटलेली रचना अशी: युलाराला उतरायचं, किंग्स कॅन्यनमार्गे ॲलिसला जायचं आणि तिथून परत उडायचं. एका ठिकाणी गाडी घेऊन दुसरीकडे सोडण्याचे जादा पैसे पडतात, पण तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

भारतातून थेट येणाऱ्यांनी सिडनी किंवा मेलबर्नला एक रात्र थांबावं. सिडनीत आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनल वेगळी आहेत. सामान, कस्टम आणि टर्मिनलची बदली यांत युलाराचं विमान चुकलं तर पुढचं दुसऱ्याच दिवशी मिळण्याची शक्यता जास्त. आणखी एक, घड्याळाचं. नॉर्दर्न टेरिटरी, म्हणजे हा सगळा भाग ज्यात येतो तो प्रांत, भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे आहे. मेलबर्न-सिडनीपेक्षा ती हिवाळ्यात अर्धा तास मागे असते आणि उन्हाळ्यात दीड तास, कारण इथे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेणं) पाळत नाहीत.

मुक्काम, पास आणि परवाने

उद्यानाच्या आत राहता येत नाही, तंबूही ठोकता येत नाही. जवळची वस्ती म्हणजे युलारा, उलुरूपासून सुमारे २० किलोमीटर. हॉटेलं, कॅम्पग्राउंड, सुपरमार्केट, पेट्रोल पंप, दवाखाना, सगळं त्या एका रिसॉर्ट गावात. स्पर्धा नाही, म्हणून दर चढे. शाळेच्या सुट्ट्यांत जायचं असेल तर चार-सहा महिने आधी आरक्षण करा. कॅम्पग्राउंडमधल्या केबिन कुटुंबाला परवडतात आणि तिथे स्वयंपाकाची सोय असते. तिथे डिंगो फिरकतात, तेव्हा रात्री बाहेर खाणं आणि चपला ठेवू नका.

उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यानाचा तीन दिवसांचा पास मोठ्या माणसाला ३८ डॉलर आहे. १८ वर्षांखालच्यांना तो लागत नाही. निघण्याआधी एकदा दर तपासा, ऑनलाइन काढा आणि फोनमध्ये उतरवून ठेवा. किंग्स कॅन्यन वेगळ्या उद्यानात, वातारकात येतं. ते नॉर्दर्न टेरिटरी सरकारकडे आहे आणि बाहेरून येणाऱ्यांना तिथला पार्क पास वेगळा काढावा लागतो. उलुरूचा पास तिथे चालत नाही. हे बहुतेकांना तिथे पोचल्यावर कळतं, आणि तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही. म्हणून दोन्ही पास घरूनच काढा.

उद्यानाच्या फाटकाच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. जून-जुलैत सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे ५ ते रात्री ९. ड्रोन घरीच ठेवा, इथे परवान्याशिवाय उडवता येत नाही.

गाडी

गाडी नसेल तरी सहल होते. विमानतळावरून हॉटेलपर्यंत रिसॉर्टची बस नेते आणि उद्यानात हॉप-ऑन हॉप-ऑफ बस फिरते. पण चौघे असाल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते, आणि वेळ आपल्या हातात राहते. युलारा, उलुरू, काटा जुटा, किंग्स कॅन्यन, ॲलिस या सगळ्या मार्गावर डांबर आहे, त्यामुळे साधी गाडी पुरते. अपवाद मेरीनी लूपचा. किंग्स कॅन्यनहून वेस्ट मॅकडोनेल डोंगरांकडे जाणारा हा कच्चा रस्ता आहे. त्याला फोर व्हील ड्राइव्ह आणि वेगळा परवाना लागतो. नकाशात तो जवळचा दिसतो. पहिल्या सहलीत त्याच्या नादी लागू नका.

करारपत्र सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. रोज किती किलोमीटर फुकट? या भागात बरेचदा मर्यादा असते आणि पुढे किलोमीटरमागे पैसे पडतात. अंधारात गावाबाहेर चालवायला परवानगी आहे का? जनावर धडकलं तर विमा मिळतो का? कच्च्या रस्त्यावर नेली तर काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं येतं, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळ झाली की कांगारू, गुरं आणि रानटी उंट रस्त्यावर येतात. कडेच्या चराईच्या जमिनींना बरेच ठिकाणी कुंपण नसतं. ११० च्या वेगात समोर उंट आला तर ब्रेक लावून काही साधत नाही.

वेगमर्यादा ॲलिसकडच्या स्टुअर्ट हायवेवर काही ठिकाणी १३० आहे, युलाराकडच्या लॅसेटर हायवेवर ११०. रस्ता सरळ, रिकामा आणि कंटाळवाणा. खरा धोका डुलकीचा. दर दोन तासांनी थांबा, चालक बदला. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार डबे जोडलेला ट्रक, लांबी पन्नास मीटरच्या वर. त्याला ओलांडायचं तर समोर किलोमीटरभर रस्ता रिकामा दिसला पाहिजे. नाही दिसला तर मागे राहा. समोरून येणारा अनोळखी चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो. आपणही उचलायचं.

टाकी अर्धी झाली की भरा. पंप युलारा, कर्टिन स्प्रिंग्स, एर्लडंडा, किंग्स क्रीक स्टेशन आणि किंग्स कॅन्यनच्या रिसॉर्टवर मिळतात. दर शहरापेक्षा बरेच जास्त, पण तिथे घासाघीस करायला जागाच नाही. गाडीत माणशी पाच लिटर पाणी जादा ठेवा, पिण्याच्या बाटल्यांखेरीज. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, हा नियम अगदी कडक पाळा. मदत शोधायला चालत निघालेली माणसं वाळवंटात दगावतात. गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचं नेटवर्क इतरांपेक्षा बरं, पण गावांमधल्या रस्त्यावर कोणाचंच धरून चालू नका. नकाशे ऑफलाइन उतरवा आणि आज कुठून कुठे निघालोय हे घरी कळवून ठेवा.

पहिली संध्याकाळ

विमान दुपारी उतरतं. सामान टाका, सुपरमार्केटमधून पाणी घ्या आणि साडेतीन-चारच्या सुमारास उद्यानात शिरा. आधी सांस्कृतिक केंद्र. ते १९९५ मध्ये उभं राहिलं, आत फोटो काढू देत नाहीत. तासभर तिथे घालवल्यावर पुढचे दिवस वेगळे दिसतात, म्हणून ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये.

हा प्रदेश अनंगु लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने उलुरूची मालकी त्यांना कागदोपत्री परत दिली. त्यांनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी दिली आणि तेव्हापासून कारभार दोघं मिळून पाहतात. १८७३ मध्ये विल्यम गॉस या सर्वेक्षकाने या खडकाला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हेन्री एअर्स या राजकारण्याचं नाव दिलं होतं, ते विमानतळाच्या पाटीवर अजून टिकून आहे.

आपल्याकडच्या गडकिल्ले चढणाऱ्यांना इथे एक गोष्ट जड जाते. कातळ दिसला की माथा गाठायचा, ही सह्याद्रीची सवय. उलुरू सपाटीपासून ३४८ मीटर उंच, म्हणजे अनुभवी ट्रेकरला सकाळचा खेळ. पण २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढायला कायमची बंदी आहे. ज्या वाटेने पर्यटक चढत ती अनंगुंच्या 'माला' नावाच्या पूर्वजांच्या विधींची वाट मानली जाते. शिवाय तिथे तीसहून जास्त माणसं दगावली, आणि आपल्या भूमीवर आलेला पाहुणा मेला तर अनंगु लोक त्याची जबाबदारी स्वतःची समजतात. चढाईची साखळी काढून टाकली आहे. झिजलेली फिकट रेघ मात्र कातळावर अजून दिसते.

सूर्यास्तासाठी गाड्यांचा वाहनतळ पश्चिमेला आहे. तासभर आधी पोचा. रंग सूर्य बुडताना झपाट्याने बदलतात. लोक सूर्य गेला की गाड्या सुरू करतात. त्यांना जाऊ द्या आणि अजून पंधरा मिनिटं थांबा. परतीचा रस्ता वीस किलोमीटरांचा; तेवढं अंधारात चालवायला परवानगी आहे ना हे गाडी घेतानाच विचारून ठेवा, आणि सावकाश चालवा.

दुसरा दिवस: पायथ्याची प्रदक्षिणा

तालिंगुरु न्याकुंजाकु हे सूर्योदय पाहण्याचं ठिकाण. तिथून उलुरू आणि मागे काटा जुटा एका चौकटीत येतात. गर्दी असते, थंडी असते. माझं मत विचाराल तर सूर्यास्त पाहिला असेल तर सूर्योदयाला गर्दीत उभं राहू नका. त्या वेळी माला वाहनतळावरून चालायला लागा. जूनमध्ये सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठावंही लागत नाही.

पूर्ण फेरी १०.६ किलोमीटर, सपाट, साडेतीन तास. घड्याळाच्या दिशेने चाला. उत्तर आणि ईशान्येकडचा उघडा, सावली नसलेला पट्टा गारव्यात निपटतो आणि शेवटी मुतिजुलुच्या पाणवठ्याशी झाडी मिळते. उन्हाळ्यात ११ च्या आत फेरी संपलीच पाहिजे. तासाला लिटरभर पाणी हा इथला हिशोब आहे. वाटेत पाण्याच्या टाक्या आहेत पण मोजक्या. त्यांच्या भरवशावर निघू नका.

लांबून उलुरू एकसंध, गुळगुळीत दिसतो. जवळ गेलं की त्यात गुहा, घळी, पाण्याने काळे पडलेले ओघळ, खवलं सुटलेले पापुद्रे दिसतात. लाल रंग वरवरचा आहे, लोहाला हवापाणी लागून आलेला गंज. आतला अर्कोज जातीचा वालुकाश्म राखाडी आहे. गुहांच्या आतल्या बाजूला तो रंग पाहता येतो. वाटेवर काही ठिकाणी फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत. त्या जागांच्या कथा तिथेच, ठरावीक माणसांनीच सांगायच्या असतात. फोटो बाहेर गेला की ते बंधन मोडतं. कॅमेरा खाली करा आणि पुढे चला, चार पावलांवर पुन्हा काढता येतो.

फेरी झेपणार नसेल तर दोन छोट्या वाटा निवडा. मालापासून कांजू घळीपर्यंत जाऊन येऊन दोन किलोमीटर. कुनिया वाटेने मुतिजुलु पाणवठ्यापर्यंत जाऊन येऊन एक किलोमीटर. दोन्हीवर व्हीलचेअर जाते. माला वाटेवर रेंजर फुकट माहिती देत फिरवतो, वेळ सांस्कृतिक केंद्रात विचारून घ्या. आजीआजोबांना तिकडे सोडून तरुणांनी पूर्ण फेरी मारावी, मग पाणवठ्याशी भेटावं. ही वाटणी छान जमते.

दगड उचलू नका, वाळूही बाटलीत भरू नका. दंड होतो. पर्यटकांनी नेलेले दगड माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत येतात आणि उद्यानवाल्यांना ते सांभाळत बसावं लागतं.

दुपारी झोपा. खरंच सांगतोय. जेवणाचंही इथेच उरकतो: शाकाहारी मंडळींना युलाराच्या हॉटेलांत उपाशी राहावं लागत नाही, पण निवड कमी आणि बिल मोठं. देशांतर्गत विमानात दशम्या, चटणी, चिवडा, लाडू नेता येतात. ताज्या फळांवर राज्याराज्यांत निर्बंध आहेत, ती युलारातच घ्या. गॅसची डबी कुठल्याच विमानात चालत नाही. भारतातून थेट येणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रावर लिहावी. लिहून दाखवलेला डबा फार तर जप्त होतो, लपवलेल्यावर जबर दंड बसतो.

संध्याकाळ आकाशासाठी ठेवा. हिवाळ्यात आकाशगंगेचा मधला दाट भाग माथ्यावर येतो आणि अमावास्येच्या आसपास त्याच्या उजेडाखाली वाळू फिकट दिसते. ब्रूस मन्रो या कलाकाराने २०१६ मध्ये मांडलेली ५०,००० दिव्यांची 'फील्ड ऑफ लाइट' इथेच आहे, तिकीट वेगळं. छान आहे, पण पैसे मोजून ठेवले असतील तर मी ते चालण्याच्या चांगल्या बुटांवर घालीन. त्यांची गरज उद्या आहे.

तिसरा दिवस: काटा जुटा आणि निघणं

काटा जुटा म्हणजे ३६ घुमटांचा समूह. युलाराहून रस्त्याने पन्नास किलोमीटर. सर्वांत उंच घुमट सपाटीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा बराच उंच. गर्दी मात्र उलुरूकडे. खडकही वेगळा: गोटे सिमेंटमध्ये बसवावेत तसा दिसणारा पिंडाश्म. पायाखाली ते गोटे सुटे होतात, म्हणून चप्पल-सँडल नको.

इथली वाट व्हॅली ऑफ द विंड्स, पूर्ण फेरी ७.४ किलोमीटर, तीन-चार तास. पहिला थांबा कारू, तिथवर जाऊन येऊन २.२ किलोमीटर. दुसरा कारिंगाना, ५.४ किलोमीटर. कारिंगानाचा चढ खडा आहे, पण वर पोचल्यावर दोन कड्यांमधून समोरची दरी एकदम उघडते. साऱ्या सहलीत एकच वाट चालायची असेल तर मी हीच निवडेन, उलुरूच्या फेरीच्याही आधी. अंदाज ३६ अंश किंवा वरचा असेल तर सकाळी ११ वाजता कारूच्या पुढे वाट बंद करतात. वाल्पा घळीची २.६ किलोमीटरची वाट सोपी आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ती घ्यावी.

बारापर्यंत युलारात परत या, जेवा, टाकी भरा आणि एकपर्यंत निघा. किंग्स कॅन्यन ३०० किलोमीटर, साडेतीन तास धरा. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो, त्यामुळे दोननंतर निघायचं नाही. वाटेत उजव्या हाताला सपाट माथ्याचा एक डोंगर दिसेल. तो माउंट कॉनर. ॲलिसकडून येणारे त्यालाच उलुरू समजून गाड्या थांबवतात आणि हरखून फोटो काढतात. तिथल्या थांब्यावर रस्ता ओलांडून समोरची वाळूची टेकडी चढा, पलीकडे पांढरं मिठाचं तळं आहे. पुढे किंग्स कॅन्यनकडे जाणाऱ्या लुरित्जा रस्त्याला डावीकडे वळायचं.

चौथा दिवस: किंग्स कॅन्यनची कड

कडेवरची वाट ६ किलोमीटर, तीन ते चार तास, एकाच दिशेने, घड्याळाप्रमाणे. सगळा त्रास सुरुवातीला: सुमारे पाचशे पायऱ्यांचा चढ. स्थानिक लोक त्याला 'हार्ट अटॅक हिल' म्हणतात. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे नाव गंमत समजू नये. ३६ अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी ९ नंतर वाटेवर सोडत नाहीत. वर गेलं की सपाट आहे. मधे पायऱ्या उतरून गार्डन ऑफ ईडन नावाच्या हिरव्या घळीत जाता येतं. तिथे सायकॅड ही ताडासारखी दिसणारी झाडं आहेत आणि बारमाही पाणी. कड्याला कठडा नाही आणि कडेचा खडक खालून पोकळ असू शकतो. सेल्फीसाठी टोकाला जाणाऱ्या मुलांना आधीच बजावा, दोन मीटर मागे. ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी दरीच्या तळाची ओढ्याकाठची सोपी वाट आहे.

साडेदहा-अकरापर्यंत खाली या, साडेअकराला निघा. ॲलिस इथून पावणेपाचशे किलोमीटर. एर्लडंडाला जेवण, पेट्रोल, चालकाची अदलाबदल. पाचच्या सुमारास ॲलिसला पोचता. उशीर झाला असेल तर ॲलिसचा हट्ट सोडा आणि एर्लडंडालाच खोली घ्या, तिथे मोटेल आहे. म्हणूनच परतीचं विमान पाचव्या दिवशी सकाळचं न घेता दुपारचं घ्यायचं. गाडी परत देताना बाहेरून चारही बाजूंचे फोटो काढा, काचेवर खडी उडून पडलेले टवके तिथे बारकाईने मोजतात.